सुईनंतरचे सहा आठवडे

पोरी, खांद्यात सुई घ्यायची की फिजिओथेरपी करायची, असं तू विचारलंस. डॉक्टर म्हणतात इंजेक्शन घ्या. शेजारच्या काकू म्हणतात स्टिरॉइडच्या वाटेलाही जाऊ नकोस. नवऱ्याने कुठलंसं दहा दिवसांचं मशिनचं पॅकेज ठरवून ठेवलंय. तिघांनाही तुझी काळजी आहे. पण इतकं सगळं सांगताना तुझ्या खांद्याला नेमकं काय झालंय, हे तू एकदाही सांगितलं नाहीस. ते कळल्याशिवाय तुझ्या प्रश्नाला कोणीही उत्तर देऊ नये. मी, तुझी आत्या, आयुष्यभर सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात खांदे हलवले, तरी मीही देणार नाही.

तेव्हा आधी आरशासमोर उभी राहा. दोन्ही कोपरं कमरेला चिकटव, हात कोपरात काटकोनात वाकवून पुढे धर आणि कोपरं न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला वळव. चांगला हात सहज वळेल. दुखरा मध्येच अडला, तर नवऱ्याला तो हलकेच आणखी बाहेर न्यायला सांग. जोर लावायचा नाही, नुसता आधार द्यायचा. तरीही तो तिथेच अडून राहिला, भिंतीला टेकल्यासारखा, तर सांधा जखडलाय. यालाच डॉक्टर फ्रोजन शोल्डर म्हणतात. पण तुझा तुला वर जात नाही आणि दुसऱ्याने उचलला की बराच वर जातो, खांद्याच्या उंचीच्या आसपास कळ येते आणि पलीकडे गेल्यावर कमी होते, असं असेल तर सांधा मोकळा आहे. मग दुखणं बहुधा रोटेटर कफचं, म्हणजे खांद्याच्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरांचं.

या दोन दुखण्यांत फरक फार आहे. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि हात वर जाताना तिला ताणायला जागा मिळावी म्हणून काखेच्या बाजूला ती सैल असते. फ्रोजन शोल्डरमध्ये ही पिशवी आधी सुजते, मग जाड होते, आकसते आणि काखेतला तो सैलपणाच नाहीसा होतो. काखेत घट्ट शिवलेल्या ब्लाउजमध्ये हात वर जात नाही, तसं. कफच्या दुखण्यात पिशवी ठीक असते. तिथे कंडरा झिजलेल्या, दुखावलेल्या किंवा थोड्या फाटलेल्या असतात आणि त्यांच्यावर पडणारा भार त्यांना पेलत नाही. आखडलेल्याला ताणायचं असतं आणि दमलेल्याला हळूहळू बळ द्यायचं असतं. म्हणून शेजारणीने सांगितलेला व्यायाम डोळे मिटून करायचा नाही. तिचा खांदा वेगळा असू शकतो.

एक्स-रे काढायला डॉक्टरांनी सांगितलं तर कुरकुर करू नकोस. फ्रोजन शोल्डरमध्ये तो बहुतेक वेळा अगदी स्वच्छ येतो, आणि तसा येणं हीच त्याची खूण. हात बाहेर वळत नाही आणि एक्स-रेही बिघडलेला आहे, तर सांध्याची झीज किंवा न कळलेलं जुनं निखळणं असू शकतं. एमआरआयची घाई मात्र नको. पन्नाशीपुढे कितीतरी लोकांच्या कंडरांत फाट दिसते आणि त्यांचा खांदा कधी दुखलेलाही नसतो. कागदावरचा ‘टेअर’ हा शब्द वाचून रात्री रडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यातली पुष्कळशी पुढे नुसत्या व्यायामाने बरी झाली.

आणि काही खांदे असे असतात की ज्यांच्या बाबतीत सुई आणि फिजिओ हा वादच घालायचा नसतो. डाव्या खांद्यातून दंडात आणि जबड्यात जाणारं दुखणं, सोबत घाम किंवा धाप, तर इस्पितळाचा हृदयविभाग, तोही त्याच क्षणी. ताप आणि लाल, गरम झालेला खांदा. पडल्यानंतर एकदम हात उचलताच न येणं. वजन घटत जाणं, पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असणं. हाताच्या बोटांना मुंग्या आणि मानेत कळ, तर मूळ मानेत शोधायचं. यातलं तुला काही नाही असं धरून मी पुढे सांगते आहे.

आता तुझ्या काकूंच्या भीतीबद्दल. त्यांची भीती अगदीच पोकळ नाही, पण ती दुसऱ्या कशाची तरी आहे. व्यायामशाळेत पोरं दंड फुगवायला घेतात ती अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड्स वेगळी. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं गोळ्या घेऊन चेहरा सुजलेली, हाडं ठिसूळ झालेली माणसं आपण पाहतो, ती तोंडाने घेतलेल्या मोठ्या मात्रेची गोष्ट. खांद्यात देतात ते कॉर्टिझोनच्या कुळातलं औषध. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी 1948 साली संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिझोन दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. 1950 साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन या तिघांना त्याबद्दल नोबेल मिळालं. त्यानंतर लवकरच हे औषध थेट सांध्यात द्यायची पद्धत सुरू झाली. आज खांद्यात बहुतेक ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन देतात, सहसा 40 मिलिग्रॅम, सोबत बधिर करणारं लिग्नोकेन. सुजलेल्या जागेवर औषध नेऊन ठेवायचं, इतकंच त्यात आहे. ते सूज उतरवतं. आखडलेली पिशवी सैल करणं, दमलेल्या स्नायूला बळ देणं, ही कामं त्याची नाहीत.

मग चांगलं कोणतं? यावर जगात पुष्कळ माणसांनी मेहनत घेतली आहे आणि त्यातलं थोडं तुला माहीत असावं. नेदरलँड्समध्ये दुखऱ्या, आखडलेल्या खांद्याच्या 109 रुग्णांवर एक चाचणी झाली आणि ती 1998 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. निम्म्यांना इंजेक्शनं, निम्म्यांना सहा आठवड्यांत बारा वेळा फिजिओ. सात आठवड्यांनी पाहिलं तर इंजेक्शनवाल्यांपैकी 77 टक्के बरे किंवा बऱ्यापैकी सुधारलेले, फिजिओवाल्यांपैकी 46 टक्के. एवढं वाचून कोणीही म्हणेल, सुई जिंकली. पण तीच माणसं सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा तपासली, तेव्हा दोन्ही गटांतलं अंतर किरकोळ उरलं होतं.

कॅनडातली 2003 सालची चाचणी मला त्याहून मोलाची वाटते, कारण त्यांनी रुग्णांचे चार गट केले होते. फ्रोजन शोल्डरचे 93 रुग्ण. काहींना एक्स-रेखाली पाहून सांध्यात एकच स्टिरॉइडची सुई, काहींना सुई आणि फिजिओ, काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई आणि फिजिओ, काहींना फक्त मिठाच्या पाण्याची सुई. घरी करायचे साधे व्यायाम मात्र सगळ्यांना शिकवले. सहा आठवड्यांनी स्टिरॉइड मिळालेले दोन्ही गट पुढे होते, आणि हात लवकर मोकळा होण्यात सुई आणि फिजिओ दोन्ही मिळालेले सरस ठरले. वर्षाच्या शेवटी मात्र चारही गट जवळजवळ एका रांगेत आले.

काही जण यातून असा अर्थ काढतात की मग काहीच करू नका, वर्षभर थांबा. ज्या बाईला रात्री कुशीवर झोपता येत नाही, मागे हात नेऊन हुक लावता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, तिला वर्ष म्हणजे काय असतं हे त्यांनी एकदा तिच्याजवळ बसून ऐकावं. शेवट सारखा असला तरी मधले महिने सारखे नसतात. ते महिने सुसह्य करणं हाही उपचारच आहे, आणि तिथे सुईची जागा मी पूर्ण मानते.

पण कफच्या दुखण्याचं गणित थोडं वेगळं. अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयात अशा 104 रुग्णांवर चाचणी झाली, 2014 साली प्रसिद्ध झाली. एका गटाला वर्षात तीनपर्यंत इंजेक्शनं, दुसऱ्याला फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली सहा वेळा उपचार. दोन्ही गट सारखेच सुधारले, साधारण निम्म्याने, आणि सुधारणा वर्षभर टिकली. फरक दिसला तो पुढच्या फेऱ्यांत. खांद्यासाठी पुन्हा डॉक्टरकडे जावं लागलेले सुईच्या गटात 60 टक्के होते, फिजिओच्या गटात 37. आणखी सुई लागलेले 38 टक्के आणि 20 टक्के. मला हे आकडे पाहून नवल वाटलं नाही. सुईने दुखणं गेलं की माणूस आपला खांदा विसरतो, आणि ज्या सवयीने, ज्या अशक्तपणाने तो दुखायला लागला ती तिथेच राहते.

आमच्याकडे एक भाजीवाली यायची. सुईनंतर तिसऱ्या दिवशी तिने आनंदाने टोपलं डोक्यावर घेतलं. दुखत नव्हतं, मग का घेऊ नये? पोटाचा प्रश्न होता, तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण काही आठवड्यांनी ती पुन्हा दारात उभी होती, खांदा आधीपेक्षा दुखरा, आणि मागत होती दुसरी सुई. सुई देताना तिला कोणी सांगितलं नव्हतं की दुखणं थांबलंय, खांदा अजून तयार झालेला नाही. तुला मी ते सांगते आहे. सुई तुला सहा-आठ आठवडे मिळवून देते. त्या आठवड्यांत व्यायाम झाला तर सुई सार्थकी लागली. नुसते आरामात गेले, तर पुन्हा तिथेच येशील. सुई आणि फिजिओ यांतलं एक निवडायचं, हा वाद मला मुळातच चुकीचा वाटतो. सुई घ्यायचीच असेल तर ती व्यायामासाठी घ्यायची.

आता तुझ्या खांद्याकडे. वय अठ्ठेचाळीस, बाई माणूस, आणि घरात तुझ्या वडिलांची साखर. चाळीस ते साठ हे फ्रोजन शोल्डरचं वय, आणि बायकांत तो थोडा जास्तच. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना होतो असं मानतात, मधुमेह असलेल्यांत दहा ते वीस जणांना. थायरॉइडवाल्यांनाही जास्त. म्हणून काहीही करण्याआधी उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी आणि थायरॉइड तपासून घे. आमच्याकडे कितीतरी जणांना आपल्याला मधुमेह आहे हे जखडलेल्या खांद्यामुळे कळलं.

साखर निघालीच तर सुई घ्यायची नाही असं नाही, पण तयारीने घ्यायची. सांध्यात दिलेलं स्टिरॉइड थोडं रक्तात जातं आणि साखर काही दिवस वर चढते, कधी आठवडाभर. तेव्हा आधी मधुमेहाच्या डॉक्टरांना कळव, घरात ग्लुकोमीटर ठेव, रोज तपासून वहीत लिही आणि आकडे फार चढले तर त्यांना फोन कर. गोळ्या किंवा इन्शुलिन आपल्या मनाने वाढवायचं नाही. साखर आधीच बेताल असेल तर ती ताब्यात येईपर्यंत सुई थांबवायला सांगतात, आणि ते बरोबर आहे.

फ्रोजन शोल्डरला तीन टप्पे असतात, आणि कोणत्या टप्प्यावर काय करायचं यातच सगळी हुशारी आहे. सुरुवातीचे काही महिने दुखण्याचे. रात्र वैऱ्याची, हात झटकन मागे गेला की डोळ्यांपुढे अंधारी. मग दुखणं जरा उतरतं आणि जखडलेपण राहतं. मग हळूहळू सुटत जातं. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात, आणि काहींना थोडासा ताठरपणा कायम राहतो. सुईचा सगळ्यात जास्त उपयोग पहिल्या टप्प्यात, कारण तेव्हा पिशवी खरोखर सुजलेली असते. दुखणं उतरून नुसतं आखडलेपण उरल्यावर सुई मागायला जाणं म्हणजे उशीर. तेव्हा व्यायामच जास्त काम करतो.

आणि त्याच पहिल्या टप्प्यात फिजिओवाल्याने हात पिरगाळून जबरदस्तीने वर नेला, तर त्याला थांबव. ‘दुखल्याशिवाय सुटत नाही’ हे वाक्य मी फार ऐकलंय आणि ते मला मुळीच पटत नाही. नेदरलँड्समध्येच 77 रुग्णांचा एक अभ्यास झाला, 2004 सालचा. एका गटाला दुखण्याच्या पलीकडे ताणणारी जोराची फिजिओ, दुसऱ्याला दुखण्याच्या आतच राहून हलके व्यायाम आणि जेवढं जमेल तेवढं रोजचं काम. दोन वर्षांनी हलक्या व्यायामवाल्यांपैकी 89 टक्क्यांचा खांदा जवळजवळ पूर्ववत होता, जोरवाल्यांपैकी 63 टक्क्यांचा. हाडवैद्याने झटका देऊन सांधा ‘मोकळा’ करणं तर लांबच ठेव. ठिसूळ झालेलं दंडाचं हाड त्या झटक्याने मोडू शकतं.

सुईला जाशील तेव्हा डॉक्टरांना विचार, सुई कुठे देणार? जखडलेल्या खांद्यात ती सांध्याच्या आत जायला हवी, कफच्या दुखण्यात वरच्या हाडाखालच्या फटीत. सोनोग्राफीवर बघून देत असतील तर चांगलंच, पण हात सरावलेला असेल तर त्यावाचून अडत नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, कसली अ‍ॅलर्जी, अंगात ताप, खांद्यावर कुठे फोड किंवा जखम, हे न विचारता सांग. पुढच्या दोन-तीन महिन्यांत खांद्याची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर तेही सांग, कारण सुईनंतर लगेच शस्त्रक्रिया केली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख कागदावर लिहून घे आणि तो कागद फाइलमध्ये ठेव. पुढे दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरकडे गेलीस की त्या कागदाची किंमत कळेल.

त्या दिवशी काही तास खांदा बधिर आणि हलका वाटेल. ते लिग्नोकेनचं काम. ते उतरलं की त्या रात्री, कधी दुसऱ्या दिवशीही, दुखणं आधीपेक्षा वाढू शकतं. घाबरू नकोस. बर्फ कापडात गुंडाळून लाव, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घे, दोन दिवसांत ते बसतं. स्टिरॉइडचा खरा गुण यायला काही दिवस लागतात. एखाददोन दिवस चेहरा लाल, गरम होतो. पाळी मागेपुढे होऊ शकते, हे तुझ्या वयात कोणी सांगत नाही आणि मग बायका उगीच धसका घेतात. सुईच्या जागी कातडी थोडी पांढुरकी किंवा खोलगट पडू शकते. पण दोन-तीन दिवसांनंतर दुखणं वाढतच गेलं, खांदा लाल, गरम झाला, ताप आला, तर वाट न पाहता परत जायचं. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर तासांचा प्रश्न असतो.

पहिले दोन दिवस भरलेली बादली, पाण्याची कळशी, कुकर असलं काही त्या हाताने उचलू नकोस. पण हात गळ्यात बांधून बसूही नकोस. तिसऱ्या दिवसापासून हलकं झुलवणं सुरू. टेबलावर चांगला हात टेकून वाक, दुखरा हात सैल सोड आणि अंगाच्या हेलकाव्याने तो पुढे-मागे, मग गोल झुलू दे. खांद्याने ओढायचं नाही. बोस्टनच्या कॉडमन नावाच्या शल्यविशारदाने हा व्यायाम रूढ केला. फ्रोजन शोल्डर हे नावही त्याच्याच 1934 सालच्या पुस्तकातलं. इतकी वर्षं गेली, पण दुखऱ्या खांद्याला त्याहून सोपी सुरुवात मला अजून सापडलेली नाही.

मग काठी. पाठीवर झोप, दोन्ही हातांत काठी आडवी धर, कोपरं अंगाशी, आणि चांगल्या हाताने काठी ढकलत दुखरा हात बाहेर वळव. हा सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम, आणि हाच सगळ्यात कमी केला जातो, कारण सगळ्यांना हात वर न्यायची घाई असते. बाहेर वळणं सुटलं की वर जाणं मागोमाग येतं. त्यानंतर भिंतीवर बोटांनी चढणं आणि जिथवर पोहोचलीस तिथे पेन्सिलची खूण. शेवटी पाठीमागे पंचा धरून वरच्या हाताने खालचा हात हळूहळू वर ओढणं. हे मागचं ताणणं दुखण्याच्या टप्प्यात अजिबात नको. ते नंतरचं.

आंघोळीनंतर, खांदा गरम पाण्याने सैल झालेला असताना कर. एकदम अर्धा तास करण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटं कर. ताण जाणवला पाहिजे, थोडं दुखलं तरी चालेल. पण व्यायामानंतर ते दुखणं अर्ध्या-पाऊण तासात उतरायला हवं, आणि त्या रात्रीची झोप बिघडता कामा नये. बिघडली तर दुसऱ्या दिवशी निम्म्यावर ये. बंद करू नकोस, निम्म्यावर ये. रात्री दुखऱ्या दंडाखाली पातळ उशी ठेव म्हणजे हात मागे लोंबकळत नाही. दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही, दुसऱ्या कुशीवर झोपलीस तर पोटाशी उशी धरून तिच्यावर हात ठेव.

तुझं दुखणं कफचं निघालं तर यातलं पुष्कळ बदलेल. तिथे रबरी पट्टी, हलकं वजन, पाठीच्या फऱ्याचे स्नायू यांवर काम करावं लागतं आणि बारा आठवड्यांच्या आत निकाल मागायचा नाही.

नवऱ्याने शोधलेल्या त्या पॅकेजबद्दलही सांगते. मशिनने शेक बरा वाटतो, आणि बरं वाटायला माझी ना नाही. पण दहा दिवस पलंगावर आडवं पडून मशिन लावलं आणि एकदाही कोणी हात हलवायला शिकवला नाही, तर त्याला फिजिओ म्हणू नये. चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवशी तुझ्या हाताचा अंश मोजून लिहितो, तुझ्याकडून व्यायाम करून घेतो, घरी काय करायचं ते कागदावर देतो आणि पुढच्या वेळी मोजमाप घेऊन पाहतो. तसा नसेल तर दुसरा शोध.

रोज जायला जमत नाही म्हणून बायका फिजिओ सोडतात, हे मला ठाऊक आहे. तालुक्याला एक केंद्र, एसटीचे दोन तास, दिवस बुडाला की मजुरी बुडाली. सुई एका फेरीत होते, म्हणून सुई बरी वाटते. अशांसाठी एक दिलासा आहे. इंग्लंडमध्ये कफच्या दुखण्याच्या 708 रुग्णांवर झालेली चाचणी 2021 साली लॅन्सेटमध्ये आली. एका गटाला फिजिओथेरपिस्टने एकदाच समोर बसवून नीट समजावलं आणि घरचे व्यायाम दिले, दुसऱ्याला सहापर्यंत बैठका दिल्या. वर्षभराने दोन्ही गट सारखे. दोन्ही गटांतल्या काहींना सुईही दिली होती; तिचा फायदा तिथेही पहिल्या काही आठवड्यांपुरता, आणि तोही माफकच. तेव्हा चांगल्या माणसाकडे एक-दोनदा जा, सगळं नीट शिकून घे आणि घरी नेमाने कर.

दुसरी सुई कधी? पहिलीने खरंच फरक पडला, मग दुखणं परत आलं आणि मधल्या काळात तू व्यायाम केलेले असतील, तर काही महिन्यांनी दुसरी घ्यायला हरकत नाही. पहिलीचा काहीच गुण आला नाही, तर दुसरी मागण्याआधी निदान पुन्हा तपासायचं. वर्षात तीनच्या पुढे त्याच खांद्यात नको, कारण वारंवार दिलेल्या स्टिरॉइडने कंडरा कमकुवत होतात. इतकं करूनही सहा-आठ महिन्यांत खांदा हललाच नाही, तर भूल देऊन हात मोकळा करणं किंवा दुर्बिणीतून पिशवी सोडवणं हे पर्याय आहेत. ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या दोन्हींची तुलना सुई-फिजिओच्या जोडीशी केली, आणि वर्षाच्या शेवटी तिघांपैकी कोणीही ठळकपणे सरस ठरलं नाही. शस्त्रक्रियेला घाबरू नकोस, पण तिच्याकडे धावूही नकोस.

काकूंना सांग की आत्याने सुईला होकार दिलाय, आणि नवऱ्याला सांग की पॅकेजचे पैसे राखून ठेवावे. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन ये. खांदा जखडलेला निघाला आणि साखर ताब्यात असेल तर या महिन्यातच सुई घे, कारण तुझी रात्रीची झोप गेली आहे आणि हाच तिचा वेळ आहे. सुईची तारीख घ्यायला फोन करशील, तेव्हा त्याच दिवशी त्याच्या पुढच्या आठवड्यातली फिजिओथेरपिस्टची तारीखही घे. ती मिळत नसेल तर सुई पुढे ढकल.